वृद्धांस हात देण्याविषयी

गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्याबाईंस भेटावयास मी एका शहरातील वृद्धाश्रमात गेलो होतो. तेथे वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या एका मुलीने मला एक प्रश्न विचारला. ही मुलगी आपल्या खेड्यांसारख्याच एका खेड्यातून आलेली, दहावीपर्यंत शिकलेली, वयाने फार तर बावीस वर्षांची. म्हाताऱ्या माणसांस खाटेवरून उठविणे, खुर्चीत बसविणे, मोरीत नेणे व परत आणणे हे तिचे दिवसभराचे काम. ती म्हणाली, "पाळकसाहेब, मी आजींना चालवायला घेतलं आणि त्या पडल्या, तर दोष माझा. पण मी त्यांना खुर्चीतच बसवून ठेवलं आणि त्यांचे पाय गेले, तर दोष कोणाचा?"

सेमिनरीत मी नीतिशास्त्राचे धडे घेतले आहेत आणि कर्तव्याविषयी उपदेशपीठावरून पुष्कळदा बोललो आहे. तथापि त्या मुलीस मला तत्काळ उत्तर देता आले नाही. प्रश्न कठीण होता एवढेच याचे कारण नव्हे. तिने ज्या दोषाविषयी विचारले त्यात माझा वाटा होता. तो प्रकार प्रथम सांगतो, म्हणजे पुढील विचार मी कोणा परक्यास उद्देशून मांडीत नाही हे वाचकांच्या ध्यानात येईल.

आत्याबाईंनी तीस वर्षे मुलींच्या शाळेत शिकविले. त्यांस मूलबाळ नाही. वय ऐंशीच्या पुढे गेले व एकटीने राहणे अशक्य झाले, तेव्हा आम्ही भावंडांनी विचार करून त्यांस वृद्धाश्रमात ठेविले. तेथे एके दिवशी पहाटे त्या मोरीत घसरून पडल्या व मनगटाचे हाड मोडले. मी घाबरलो. व्यवस्थापकास मी बजाविले की, "यापुढे यांना मुळीच चालू देऊ नका. पुन्हा पडल्या तर मी तुम्हांला जबाबदार धरीन." माझा शब्द त्यांनी पाळला. चार महिने आत्याबाई पडल्या नाहीत. चार महिन्यांनी मनगट बरे झाले होते. परंतु ज्या बाई स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जात होत्या, त्यांस आता दोघींनी धरल्यावाचून खाटेवरून खाली येता येईना. मी त्यांचा हात जपला आणि दोन्ही पाय घालविले.

अशा माणसाविषयी 'अंथरुणाला खिळला' असे म्हणण्याची आपली रीत आहे. खिळा आपोआप बसत नसतो. कोणीतरी तो ठोकावा लागतो. बहुतेक वेळा आजारच तो ठोकतो, हे खरे. परंतु कित्येकदा ती हातोडी आप्तांच्या हाती असते, आणि ते तिला काळजी असे नाव देतात.

हा विषय शहरातील वृद्धाश्रमांपुरता आहे असे कोणी समजू नये. आपल्या खेड्यांतील मुलगे नोकरीसाठी मुंबईस व पुण्यास जातात, आणि पडवीत बाजेवर म्हातारा किंवा म्हातारी मागे राहते. तिकडे आपल्याच मुली व सुना वृद्धाश्रमांत कामास लागतात. आईबापांचा व ज्येष्ठ नागरिकांचा सांभाळ व्हावा म्हणून सरकारने २००७ साली जो कायदा केला, त्यात निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, कमीत कमी १५० माणसांची सोय असलेला आश्रम असावा अशी तरतूद आहे. यावरून अशा घरांची गरज किती मोठी आहे हे दिसते. तेथे राहणारेही आपले असतील आणि उठविणारे हातही आपलेच असतील. म्हणून मुलीचा प्रश्न हा आपल्या सर्वांचा प्रश्न होय.

आता त्याच्या दोन्ही बाजू नीट पाहू.

पहिली बाजू भीतीची. ती भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे पडण्यामुळे मरतात. त्यांपैकी शेकडा ८० हून अधिक आपल्यासारख्या गरीब व मध्यम स्थितीच्या देशांतील असतात, आणि साठीच्या पुढील माणसांचा भरणा त्यांत सर्वांत मोठा असतो. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले म्हणजे घराची काय दशा होते हे पुष्कळांनी पाहिले आहे. म्हणून 'चालू द्या, देव पाहून घेईल' असे जो सहज म्हणतो, तो श्रद्धेने बोलत नाही, निष्काळजीपणाने बोलतो.

दुसरी बाजू बसवून ठेवण्याची. येथील हानी डोळ्यांस दिसत नाही, म्हणून ती मोजून सांगतो. अमेरिकेत काही निरोगी वृद्ध माणसांस केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहण्यात आले. तो प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस झडले. ही माणसे आजारी नव्हती, उपाशी नव्हती. त्यांना फक्त चालू दिले नव्हते. मग आधीच दुबळ्या असलेल्या म्हातारीचे चार महिन्यांत काय होत असेल याचा विचार करा. शिवाय पडून राहिल्याने पाठीस व माकडहाडास जखमा होतात, छातीत कफ साचतो, पोट साफ होत नाही, आणि मन खचते ते वेगळेच. आणखी एक गोष्ट अशी की, बसवून ठेविलेला मनुष्य जन्मभर बसून राहत नाही. एखाद्या रात्री लघवीस जाण्यासाठी तो कोणास हाक न मारता उठतो, आणि ज्या पायांतील बळ आपण घालविले त्याच पायांवर उभा राहू पाहतो. बसवून ठेवल्याने पडणे टळत नाही. ते पुढे ढकलले जाते, आणि त्या दिवशी अधिक जोराने येते.

याविषयी परदेशाचा अनुभव आपणांस उपयोगी पडेल. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत पूर्वी पुष्कळ वृद्धांस पट्ट्यांनी खुर्चीस किंवा खाटेस बांधून ठेवीत. बांधणारे दुष्ट होते असे नाही. पडू नये म्हणून बांधतो असेच ते सांगत. १९८७ साली तेथे कायदा झाला की, औषधोपचारासाठी आवश्यक नसता केवळ शिक्षा म्हणून किंवा सेवकांच्या सोयीसाठी कोणास बांधता कामा नये. पुढे १९९२ साली डॉ. मेरी टिनेटी व त्यांच्या सोबत्यांनी अशा गृहांतील वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बांधलेल्या वृद्धांस गंभीर इजा कमी होतात असे त्यांस आढळले नाही. उलट त्या अधिक आढळल्या. म्हणजे ज्या हेतूने दोर बांधला तो हेतूही दोराने साधला नाही. आमच्याकडे दोर क्वचित दिसतो. परंतु 'बसा तुम्ही, उठू नका' असे शब्द, हातापासून दूर नेऊन ठेविलेली काठी, पायांखालून काढून घेतलेल्या चपला, हेही दोरच होत.

आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, दोन्हीकडे हानी असता आपले मन नेहमी एकाच हानीस का भिते? मला वाटते, याचे कारण असे. पडण्याला वेळ असते, जागा असते, साक्षीदार असतात. नोंदवहीत ते लिहिले जाते, नातलगांस कळविले जाते, आणि कोणाच्या हातून पडली असे विचारले जाते. पाय हळूहळू जातात त्याला मात्र वेळ नाही, जागा नाही, साक्षीदार नाही. त्या दिवशी कोणी रडत नाही. न चालल्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. म्हणून ज्याच्यावर बोल येतो ते आपण टाळतो, आणि ज्याच्यावर बोल येत नाही ते घडू देतो. मी व्यवस्थापकास बजाविले तेव्हा माझ्या मनात आत्याबाईंची काळजी होती यात शंका नाही. पण 'लोक काय म्हणतील, पाळकाने आत्याला कोठे नेऊन टाकले' ही भीतीही होती. दोहोंपैकी कोणती मोठी होती हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. सद्सद्विवेकबुद्धीचे क्षेत्र नोंदवहीपेक्षा मोठे असले पाहिजे. नाही तर मनुष्य पापाला भीत नाही, फक्त पकडले जाण्याला भितो.

तर मग काय, पडले तरी चालेल म्हणून चालवावे? नव्हे. येथे तिसरी गोष्ट पुढे येते, आणि ती ज्ञानाची होय. दया असली म्हणजे पुरे, रीत आपोआप सुचते, असे आपण समजतो. तसे नाही. आत्याबाईंस पुन्हा उभे करावे असे ठरले त्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने पुढे झालो आणि त्यांच्या काखेत हात घालून त्यांस वर ओढू लागलो. त्या कळवळल्या. त्या मुलीने माझा हात धरून मला थांबविले व म्हणाली, "साहेब, असं नाही. असं चोराला उठवतात." तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बखोटीस धरून नेणे हे आपल्या भाषेत गुन्हेगारास किंवा हट्टी पोरास करावयाचे कृत्य आहे. म्हाताऱ्या माणसाचा खांदा अशा ओढण्याने निखळतो, दंडाच्या शिरा दुखावतात, आणि ओढल्यामुळे तो पाठीमागे रेलून अधिकच जड होतो. माझी दया खरी होती. माझी रीत शिपायाची होती.

त्या मुलीने मला जी रीत दाखविली ती तिच्या पूर्वीच्या कामाच्या जागी एका शिकलेल्या परिचारिकेने तिला शिकविली होती. आपल्या घरीही ती उपयोगी पडेल म्हणून येथे विस्ताराने देतो.

प्रथम सांगावे आणि विचारावे. 'आजी, आता आपण उठून त्या खुर्चीत बसू, उठायचं ना?' असे समोर येऊन म्हणावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. पाठीमागून येऊन एकाएकी हात घातला तर कोणीही दचकतो.

मग जागा तयार करावी. खुर्ची खाटेला लागून, किंचित तिरपी ठेवावी. चाकांची असेल तर दोन्ही ब्रेक लावावे व पाय ठेवण्याच्या पट्ट्या बाजूस कराव्या. जमिनीवर पाणी सांडलेले नसावे. शहाबादी फरशी ओली झाली म्हणजे तरण्या माणसासही पाडते. लुगड्याचा घोळ किंवा धोतराचा सोगा पायांत येणार नाही असा खोचावा. पायांत न घसरणारी, मागे पट्टा असलेली चप्पल असावी. नुसते मोजे घालून चालवू नये. चष्मा असेल तर तो आधी डोळ्यांवर द्यावा.

नंतर खाटेच्या काठावर बसवून, पाय जमिनीस टेकवून एक-दोन मिनिटे थांबावे. पडून राहिलेला मनुष्य एकदम उभा राहिला म्हणजे रक्ताचा दाब उतरतो व डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांस हे विशेष होते. या दोन मिनिटांत घाई केली म्हणून किती माणसे पडत असतील! चक्कर आली तर पुन्हा निजवावे व नंतर पाहावे.

उठताना पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावयास सांगावे, पुढे वाकावयास सांगावे, आणि हात खाटेवर रेटून उठू द्यावे. आपण जनावर पाहा: बैठे गुरू उठताना आधी आपला भार पुढे घेते, मग उठते. मनुष्याचेही तसेच आहे. भार पायांवर आल्यावाचून उठणे होत नाही. त्याने आपल्या गळ्यास मिठी मारू नये, आणि आपणही त्याची काख धरू नये. कमरेशी धरावे. कमरेस बांधावयाचा रुंद पट्टा मिळतो; तो कपड्यांवरून नीट बसेल असा बांधून त्यास धरणे सर्वांत चांगले. आपण पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून, अगदी जवळ उभे राहावे. 'एक, दोन, तीन' म्हणून दोघांनी एकदमच उठावे. वळताना कमरेत पीळ न देता लहान लहान पावलांनी वळावे. आणि खुर्चीचा काठ पायांच्या मागच्या बाजूस लागला, हात खुर्चीच्या दांड्यांवर पोहोचले, म्हणजे मगच सावकाश बसवावे.

ज्यास अर्धांगवायू होऊन गेला आहे, त्याची खुर्ची धडधाकट अंगाकडे ठेवावी, म्हणजे चांगला पाय वाट दाखवितो. परंतु चालविताना आपण दुबळ्या अंगाकडे, अर्धे पाऊल मागे राहावे. कारण तो पडणार तो त्याच बाजूस. काठी मात्र चांगल्या हातात असावी. चालताना आपले पाऊल त्याच्या पावलाशी मिळवावे, त्याचे आपल्याशी नव्हे.

आणि इतके करूनही तो कोसळू लागला तर? तर त्यास तसेच उभे धरून ठेवण्याची धडपड करू नये. त्यात दोघेही पडतात. त्यास अंगाशी घेऊन, आपला एक पाय पुढे करून, त्या पायावरून हळूच जमिनीवर उतरू द्यावे आणि डोके सांभाळावे. खाली आल्यावर घाईने उचलू नये. कोठे दुखते हे विचारावे. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, किंवा डोक्यास मार लागला असेल, तर न हलविता डॉक्टरास बोलवावे.

वाचक म्हणतील, नीतीच्या लेखात खुर्चीचे ब्रेक कशाला? माझे उत्तर असे की, नीती येथेच आहे. पोहता येत नसता बुडणाऱ्यामागे जो उडी टाकतो त्याचे अंतःकरण थोर असेल, पण त्याने दोघांच्या जिवाशी खेळ केला. ज्यावर प्रीती करावयाची त्याच्या शरीराची रीत शिकून घेणे हा प्रीतीचाच भाग आहे. चालविणे आणि बसवून ठेवणे या दोन टोकांमध्ये जी वाट आहे ती धाडसाची नव्हे आणि भीतीचीही नव्हे. ती तयारीची वाट आहे. धोका शून्य करणे आपले कर्तव्य नाही, कारण ते जिवंत माणसाविषयी शक्यच नाही. धोक्याची तयारी करणे हे आपले कर्तव्य आहे.

आपण हे लहान मुलाच्या बाबतीत न शिकविता समजतो. मूल पाय टाकू लागले म्हणजे आपण त्यास पांगुळगाडा करून देतो, अंगणातील दगड वेचतो, आणि दोन पावले मागे राहून पाहतो. ते पडते, रडते, पुन्हा उठते. पडेल म्हणून त्यास पाळण्यात बांधून ठेवणाऱ्या आईस सर्व आळी नावे ठेवील. मग म्हाताऱ्याच्या वेळी ती समजूत कोठे जाते? म्हातारा मूल नव्हे, आणि त्याची हाडे मुलाच्या हाडांसारखी लवचीक नाहीत, हे मला मान्य आहे. म्हणून दगड अधिक काळजीने वेचावे लागतील. परंतु मुलाच्या पावलांत आपणांस आशा दिसते आणि म्हाताऱ्याच्या पावलांत केवळ कटकट दिसते, हा भेद हाडांचा नसून आपल्या मनाचा आहे.

येथे वृद्धाच्या इच्छेचा प्रश्न येतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी प्रभू पेत्राला त्याच्या भावी म्हातारपणाविषयी सांगतो की, तेव्हा दुसराच त्याची कंबर बांधील व त्याची इच्छा नसेल तेथे त्यास नेईल. ते वचन पेत्राच्या मरणास उद्देशून आहे. परंतु वृद्धाश्रमात बसून मी ते आठविले तेव्हा मला वाटले की, म्हातारपणाचे सगळे दुःख त्यात आले आहे. पाय दुबळे होतात हे एक दुःख. आपले पाय कोठे जावेत हे दुसऱ्याने ठरवावे हे त्याहून मोठे दुःख. आत्याबाईंस मी त्या चार महिन्यांत एकदाही विचारले नव्हते. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, मी पडले तेव्हा हात मोडला. तू बसवलंस तेव्हा मला वाटलं, आता सगळंच आटोपलं." ज्याची स्मृती शाबूत आहे त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, जरी ते आपणांस भयाचे वाटले तरी. ज्याची स्मृती गेली आहे त्यालाही पाय हलवावेसे वाटतात. तो शब्दांनी सांगू शकत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा उठतो. त्यास हट्टी म्हणण्यापूर्वी त्याला लघवीस लागली आहे काय, तहान लागली आहे काय, कंटाळा आला आहे काय, हे पाहावे.

याविरुद्ध दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत.

एक असा की, वेळ कोठे आहे? वीस वृद्ध आणि दोन मुली असल्यावर प्रत्येकाजवळ दोन दोन मिनिटे थांबावे कसे? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर त्या मुलींनी द्यावयाचे नाही. ज्याने वीस वृद्धांमागे दोन मुली नेमल्या त्याने ते द्यावयाचे आहे. आणि आम्ही जे नातलग कमीत कमी पैशांत माणूस ठेवू पाहतो, आणि भेटीस गेल्यावर 'पडली तर नाही ना?' एवढेच विचारतो, त्या आम्हीही द्यावयाचे आहे. आपण जे विचारतो तेच तेथे सांभाळले जाते. यापुढे आपण 'आज किती पावले चालली?' असे विचारू या.

दुसरा आक्षेप असा की, उचलणाऱ्या मुलीच्या पाठीचे काय? हाही खरा आहे. अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेतील थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली असे मांडले की, रुग्णास हाताने उचलताना एका माणसावर सुमारे १६ किलोहून अधिक भार येऊ नये. धान्याचे अर्धे पोतेही त्याहून जड असते. पोत्यास धरावयास कोपरे असतात व ते मध्येच वळत नाही. मनुष्य वळतो, दचकतो, ढिला पडतो. म्हणून जो आपला भार पायांवर घेऊ शकत नाही त्यास एकटीने उचलणे हा पराक्रम नव्हे. तेथे दोन माणसे असावी, किंवा उचलण्याचे यंत्र असावे. सेविकेची पाठ मोडून केलेली सेवा ही एकाची दया व दुसऱ्यावरील अन्याय होय. त्याच देशात शुश्रूषागृहातील साध्या मदतनिसासही कायद्याने निदान ७५ तासांचे शिक्षण लागते. मी आजवर ज्या मुलींशी बोललो त्यांपैकी बहुतेकींस पहिल्याच दिवशी सरळ कामावर उभे केले होते.

आणखी एक मर्यादाही सांगितली पाहिजे. कधी कधी न चालविणे हेच योग्य असते: ताप चढला असता, चक्कर येत असता, नवे दुखणे उद्भवले असता, डॉक्टराने काही दिवस पायावर भार देऊ नये असे सांगितले असता. तेव्हा थांबविणे हा अटकाव नव्हे. परंतु त्या थांबविण्याला कारण असावे व मुदत असावी. माझ्या हुकुमाला कारण भय होते, आणि मुदत तर नव्हतीच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. ते मी तिला पुढच्या खेपेस दिले. तिला म्हणालो, "बाई, तू आजींना विचारलंस, जागा पाहिलीस, दोन मिनिटं थांबलीस, योग्य बाजूला उभी राहिलीस, आणि तरीही त्या पडल्या, तर ते दुःख आहे, दोष नाही. तो दोष कोणी तुझ्यावर ठेवील, तर मी येऊन तुझ्या बाजूने बोलेन. पण यांतलं काही न करता त्यांना ओढलंस आणि त्या पडल्या, तर दोष आहे. आणि पडू नयेत एवढ्यासाठी कोणी त्यांना बसवून ठेवलं, तर पाय जाण्याचा दोष बसवणाऱ्याचा आहे. या वेळी तो माझा होता." व्यवस्थापकास मी माझा पूर्वीचा हुकूम मागे घेत असल्याचे पत्र लिहून दिले, आणि त्यात असेही लिहिले की, रीतीप्रमाणे चालविताना आत्याबाई पडल्या तर मी कोणासही जबाबदार धरणार नाही. असे एक पत्र दहा उपदेशांहून अधिक काम करते, असे मला दिसून आले. ज्याच्या डोक्यावर दोषाची तलवार टांगली आहे, त्याच्याकडून निर्भय सेवा मागणे व्यर्थ आहे.

आत्याबाई पुन्हा पूर्वीसारख्या चालू लागल्या असे मी लिहिले तर ते खोटे होईल. जे गेले त्यातले पुष्कळ परत येत नाही. आज त्या कमरेस पट्टा व हाती वॉकर घेऊन खाटेपासून खिडकीपर्यंत जातात. ती नऊ पावले आहेत. खिडकीतून शेजारच्या शाळेचे पटांगण दिसते. एवढ्यासाठी त्या सकाळपासून केस विंचरून तयार बसतात.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या प्रत्येक मंडळीत पाच-सहा तरी वृद्ध माणसे अशी असतील की, जी उपासनेस येत नाहीत. 'त्यांना आता जमत नाही' असे म्हणून आपण त्यांची नावे मनातून पुसली आहेत. पुढल्या आठवड्यात गुरुजींनी व मंडळीतील दोन-तीन तरुणांनी त्यांच्या घरी जावे. मोरीपर्यंतची वाट पाहावी. उंबरठ्याशी व मोरीत धरावयास एक एक बांबू किंवा लोखंडी दांडी बसवून द्यावी. बाज फार खाली असेल तर तिच्या पायांखाली विटा घालण्यापेक्षा, पाय टेकतील अशा बेताची, न हलणारी खाट द्यावी. जवळच्या दवाखान्यातील परिचारिकेस एक दिवस बोलावून वर सांगितलेली रीत हातांनी शिकून घ्यावी. कागदावर वाचून ती पुरती येत नाही. आणि सर्वांआधी त्या वृद्धास विचारावे की, आपणांस कोठवर चालत जाण्याची इच्छा आहे. कोणी मंदिरापर्यंत म्हणेल, कोणी विहिरीपर्यंत, कोणी फक्त दारापर्यंत.

जेथवर म्हणतील तेथवर, त्यांच्या पावलाने, दुबळ्या बाजूस उभे राहून, आपण जावे.